पार जाणारी गोळी

डॉक्टर श्रीराम यांच्या कुत्रीला एका रानडुकराने छातीपासून मागच्या पायापर्यंत उभी चिरली होती. गॅरेजमध्ये जुन्या चादरीवर ती पडलेली मी पाहिली. आतडी बाहेर आली होती, त्यांना सुकी पानं आणि माती चिकटली होती, आणि तरी मालकाचा आवाज ऐकून ती शेपटी हलवत होती. श्रीरामनी सुई भरली. त्यांनी चाळीस वर्षं माणसांची डॉक्टरी केली होती, तरी शीर दुसऱ्या खेपेला सापडली. सुई टोचल्यावर कुत्री दोनदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि थांबली.

हे २००६ सालच्या ऑक्टोबरात झालं. श्रीराम आणि त्यांची बायको रत्ना, त्याही डॉक्टर, निवृत्त होऊन जॉर्जियाच्या दक्षिणेला, अल्बनी गावाच्या पुढे, पिकानची बाग घेऊन राहिले होते. पिकान म्हणजे अक्रोडासारखं फळ. झाडं मोठी, आपल्याकडच्या जुन्या आंब्याएवढी. मी तेव्हा माझी मुलगी अस्मिता हिच्याकडे अटलांटाजवळ अल्फारेटाला राहत होतो; श्रीराम आमच्या ओळखीचे, सुट्टीला आम्ही त्यांच्याकडे जात असू. माझे जावई विक्रम तिथल्या शाळेत फिजिक्स शिकवत. जन्म त्यांचा अटलांटाचा. मराठी समजत सगळं, बोलताना मात्र लिंगवचनाचा चुथडा करत.

कुत्रीला पुरून झाल्यावर विक्रम श्रीरामना म्हणाले, "काका, डोन्ट वरी. पुढच्या शनिवारी मी त्या डुकरीला संपवतो."

"डुकरी नव्हे. नर आहे तो," मी म्हणालो. "मातीत खुरांचे ठसे बघा. आणि कशाने संपवणार?"

"रायफल आहे ना, बाबा."

"रायफल मी पाहिलीय. गोळी कुठली?"

ते हसले. "इट्स अ पिग, बाबा. कुठलीपण चालते."

मी हसलो नाही. माझ्या थोरल्या भावाला अशाच 'कुठल्याही' गोळीने मारलं होतं. गोळी त्याला लागली नव्हती, डुकराला लागली होती. पाटणच्या वरच्या रानात हाका होता, आम्ही दोघं हाकेवाले, जनावर उठवून शिकाऱ्याकडे लोटणारे. शिकारी बाहेरगावचा, बंदूक नवी, गोळी जलद. ती डुकराच्या खांद्यावर लागली आणि तिथेच तिचा चुरा झाला. जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली बोटभर जाड, चिवट पाटा असतो. आम्ही त्याला ढाल म्हणतो. डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं. शिकाऱ्याने हाकेवाल्यांना आत जायला सांगितलं. भाऊ पुढे होता. मी पोहोचलो तेव्हा डुक्कर त्याच्यावर उभं राहून मान खालीवर करत होतं, कोणी पोत्यात विळा चालवावा तसं. आम्ही त्याला घोंगडीत घालून खाली आणला. वाटेत घोंगडीतून रक्त गळत होतं, आणि घर यायच्या आधी ते गळायचं थांबलं.

हे मी विक्रमना गॅरेजमध्येच सांगितलं. मग म्हणालो, "जावईबापू, जनावर जागेवर पडलं पाहिजे. त्याच्या मागे जाळीत कोणालाही जावं लागता कामा नये. तशी गोळी मिळेपर्यंत तुम्ही त्याच्यावर बंदूक धरायची नाही. वचन द्या."

विक्रमनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. "ओके," ते म्हणाले. "वी विल टेस्ट."

तो माणूस मनाला लागलं की शिक्षकच. लोकांच्या घरची जुनी टेलिफोनची जाड पुस्तकं त्यांनी गोळा केली. श्रीरामच्या शेडमागे मातीचा बंधारा होता. पुस्तकं रात्रभर पाण्याच्या टाकीत भिजवायची, सकाळी बंधाऱ्याला टेकवून एकामागे एक उभी करायची. ओला कागद गोळीला मांसासारखा अडवतो. सगळ्यांच्या पुढे ट्रकच्या टायरचा तुकडा बांधायचा. ती ढाल.

गोळी जितकी लांब जाते तितकी मंदावते. तीनशे पावलांवरून पुस्तकावर नेम धरणं कठीण, म्हणून विक्रम काडतुसात दारू कमी भरत. मग वीस पावलांवरूनच मारलेली गोळी लांबून आल्यासारखी हळू लागे. समोर वेग मोजायचं एक लहान यंत्र ठेवलेलं असे, गोळी वरून गेली की त्यावर आकडा उमटे.

पहिल्या शनिवारी शिशाची गोळी घेतली. भरपूर दारू, भरपूर वेग. आवाजाने कावळे उठले. टायरला बशीएवढं भगदाड पडलं. विक्रमनी हात वर केले. "बाबा! देख लिया?"

मी पुस्तक फाडलं. पहिल्याच पुस्तकात गोळीचा भुगा होता, ज्वारीच्या कण्यांसारखा. दुसऱ्या पुस्तकाला ओरखडाही नव्हता.

"हे बघा," मी कण्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "डुकराची कातडी फाटली. काळीज शाबूत आहे. आता तो तुमच्याकडे येतोय."

त्यांनी तळहात मिटला. मग तीच गोळी कमी वेगाने मारली, तर ती छान फुलून तिसऱ्या पुस्तकात जाऊन बसली. विक्रम चक्रावले. "मी मुलांना शिकवतो, स्पीड वाढला की एनर्जी वाढते."

"वाढते की. पण गोळीला ती सोसली पाहिजे ना."

श्रीराम खुर्ची टाकून बघत बसत. "विक्रम, एका डुकरावर पीएचडी करतोयस का रे? तोवर माझी बाग खाऊन त्याला डायबिटीस होईल."

"तो आधी माझ्याकडे तपासायला येईल," रत्ना म्हणाल्या. "तुमच्याकडे अपॉइंटमेंट मिळायची नाही."

दुसऱ्या प्रकारची गोळी सगळी तांब्याची होती, शिसं नाही, नाकाला बारीक भोक. ती पूर्ण वेगाने मारली तर टायर फोडून, चार पाकळ्या उघडून, पाचही पुस्तकांच्या पार गेली आणि बंधाऱ्यात शिरली. आम्ही ती फावड्याने खणून काढली. पाकळ्या शाबूत होत्या. दारू कमी करत गेलो तसतशा पाकळ्या कमी उघडू लागल्या, आणि सगळ्यात हळू गोळीचं नाक जसंच्या तसं राहिलं. दाभण टोचावं तशी ती सरळ गेली. दाभणाने भोसकलेलं जनावरही मरतं, पण तीन दिवसांनी, कुठेतरी ओढ्यात, तोंडात माती घेऊन.

तांब्याच्या गोळीचे एकूण नऊ वेग झाले. प्रत्येक वेगाची काडतुसं वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात. दारू विक्रम मोजत. डबे भरून त्यांवर चिकटपट्टी लावून नंबर घालायचं काम माझं. सगळ्यात हळू तो एक, सगळ्यात जलद तो नऊ. चाचणीच्या वेळी मी तोंडाने नंबर सांगून काडतूस त्यांच्या हातात देई. पाच शनिवार असे गेले. शेवटी दोघांचंही एक मत झालं: चाळीस-पन्नास पावलांवरून, तांब्याची गोळी, नऊ नंबर. उरलेली हळू काडतुसं मोडून टाकू असं मी म्हणालो. विक्रम म्हणाले, "नेक्स्ट वीक."

नोव्हेंबरच्या त्या शनिवारी उजाडताच आम्ही बागेत होतो. पिकअप गाडी एका झाडाखाली उभी, विक्रम मागच्या फळीवर वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून, मी त्यांच्या पाठीशी, श्रीराम गाडीच्या पुढच्या सीटवर. जमिनीवर पडलेली पिकान गोळा करायला अजून आठवडा होता. डुकराला ते ठाऊक होतं.

"नऊ नंबर भरा," मी पुटपुटलो.

विक्रमनी डब्यांच्या पेटीत हात घातला, एक डबा काढला, तीन काडतुसं भरली. मी रानाकडे बघत होतो.

सात वाजून गेल्यावर तो आला. काळा, पाठीवर केसांची करवत, पुढचं अंग मागच्यापेक्षा दुप्पट. सुळे दोन्हीकडून ओठ उचलून बाहेर आलेले. पिकान फोडल्याचा आवाज कडकड आमच्यापर्यंत येत होता. पन्नास पावलांवर तो आमच्याकडे कूस करून उभा राहिला.

"पुढच्या पायामागे," मी म्हणालो.

बंदूक वाजली. आवाज पोकळ होता. ओलं लाकूड आपटल्यासारखा. डुक्कर पोटाशी आखडलं, किंचाळलं, गोल फिरलं. विक्रमनी दुसरी झाडली, तोच आवाज. ती पोटात खाली लागली. डुक्कर मागचं अंग घासत झुडपांत घुसलं आणि आतून काटक्या मोडत गेलं.

"हिट झाली! दोन्ही हिट झाली!"

"डबा दाखवा."

त्यांनी दिला. चिकटपट्टीवर माझ्या हातचा १ होता.

"मी नऊ म्हणालो होतो."

"दिस इज नाइन, बाबा!" त्यांनी त्यावर बोट ठेवलं. वर गोल, खाली शेपूट. "नाइन."

मी माझंच अक्षर बघत राहिलो, आणि मला त्यात त्यांचा नऊ दिसला. पाच शनिवार मी मराठी आकडे काढले होते आणि तोंडाने वाचून दाखवले होते. त्यांनी ते आकडे कधी वाचलेच नव्हते.

"हा एक आहे," मी म्हणालो. "मराठी एक. सगळ्यात हळू."

विक्रमचा चेहरा उतरला. हळू गोळी खाली पडते, म्हणून नेम चुकून पोटात बसली होती. आणि ती फुलली नव्हती. दाभण.

आम्ही जिथे तो उभा होता तिथे गेलो. रक्त होतं, काळपट, त्यात चघळलेला हिरवा चोथा. मी बोटाला लावून वास घेतला. "आतडं फुटलंय. आता चार तास इथून हलायचं नाही. तो आत आडवा होईल, ताठरेल. मग बघू."

गाडीतून श्रीराम उतरून धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा होता. "एकनाथराव, रत्ना ओढ्याकडे गेलीय. मशरूम आणायला. सकाळी माझ्याआधीच निघाली, मला वाटलं परत आली असेल."

ओढा त्या झुडपांच्या पलीकडे होता. डुक्कर त्याच दिशेने गेलं होतं.

"फोन लावा."

"तिचा फोन किचनमध्येच राहिलाय. निघताना मी पाहिला."

"तुम्ही गाडीने पुलावरून फिरून जा," मी म्हणालो. "हॉर्न वाजवत जा. त्यांना गाडीत घ्या." ते गेले. पुलावरून वळसा दोन मैलांचा.

विक्रमनी तोवर पेटी गाडीतून उतरवून उलटी केली होती. मी खरा नऊ नंबर काढून दिला. त्यांनी भरला. "बाबा, तुम्ही इथे थांबा."

"तुम्हाला रक्त वाचता येत नाही."

"मी मिस्टेक केली. मी जातो."

"आकडा मी काढला. चला. माझ्या मागे पाच पावलं. बंदुकीचं तोंड वर."

झुडपं कमरेएवढी होती, पंख्यासारख्या पानांची, पानांच्या देठांना करवतीचे दात. त्यात काटेरी वेली. मी हातातल्या कोयत्याने वेली बाजूला करत वाकून चाललो. रक्त पानांच्या खालच्या बाजूला पुसलेलं होतं. एका जागी तो बसला होता. तिथे शेण, रक्त आणि आतड्याचा निळसर तुकडा पडला होता. माशा जमल्या होत्या. लांबून श्रीरामचा हॉर्न ऐकू येत होता.

मग रक्त दोन्ही बाजूंना दिसू लागलं. मी थांबलो. गेलेली वाट आणि आलेली वाट. तो उलटा फिरला होता, आपल्याच मागावर येऊन बाजूला दबून बसला होता. मी वळलो.

"विकी! झाडाआड हो! तुझ्या डावीकडे!"

पानं फुटली. तो आवाज न करता आला. विक्रमनी बंदूक वळवली तोवर त्याचं थोबाड त्यांच्या मांडीत शिरलं होतं. मान एकदाच वर गेली. ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज झाला. विक्रम उताणे पडले. पँट, कातडी, मांस एकाच रेषेत उघडलं, आणि आतून रक्ताची चिळकांडी त्यांच्या छातीपर्यंत उडाली. डुक्कर दोन पावलं पुढे जाऊन वळलं आणि पुन्हा त्यांच्यावर आलं. या वेळी पोटावर. विक्रमनी बंदूक आडवी धरून त्याचं तोंड अडवलं. सुळे लोखंडावर घासले.

मी कोयता त्याच्या पाठीत घातला. हाडावर बसला आणि तिथेच अडकला. मग मी त्याचा मागचा पाय धरला. दोन्ही हातांनी, घोट्याच्या वर. डुकराचा मागचा पाय उचलला की त्याला पुढे जोर लावता येत नाही, हे हाकेवाल्याला माहीत असतं. पण मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि ते दोन माणसांच्या वजनाचं होतं. त्याने झटका दिला, माझा गुडघा मोडल्यासारखा झाला. पाय सोडला नाही. त्याचं आतडं माझ्या मनगटाला गुंडाळलं होतं, गरम.

विक्रमनी बंदूक सरळ केली. नळी डुकराच्या मानेपासून हातभर. आणि ते थांबले.

"बाबा, बाजूला व्हा!"

"मार!"

"तुम्ही मागे आहात! पार जाईल! पाच पुस्तकं—"

ते खरं होतं. ती गोळी कशातून पार जाते हे जगात आम्हा दोघांइतकं कोणाला माहीत नव्हतं. पूर्ण वेग, हातभर अंतर, मान. मागे मी. मी पाय सोडला तर बाजूला होता येईल, आणि तोवर सुळे त्यांच्या पोटात असतील. त्यांच्या मांडीतून रक्त उडत होतं आणि प्रत्येक चिळकांडी आधीच्यापेक्षा बुटकी होती. दुसऱ्या खेपेला वेळ नव्हता.

मी जमेल तेवढा खाली वाकलो, डोकं त्याच्या ढुंगणामागे, हात तसेच. "मार रे पोरा! मार!"

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग मारली.

कानात काही उरलं नाही. डुक्कर एकदम जड झालं, पोतं पडावं तसं, आणि माझ्या हातावर कोणीतरी घण घातला असं वाटलं. डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं, तळव्याची कडही नव्हती. दोन पांढरी टोकं दिसत होती. दुखत नव्हतं अजून.

मी डुकरावरून ओलांडून विक्रमपाशी गेलो. मांडीच्या सांध्यात, जिथे नाडीचा ठोका लागतो तिथे, गुडघा रोवला आणि त्यावर सगळं अंग टाकलं. चिळकांडी थांबली. रक्त नुसतं पाझरू लागलं. माझ्या हाताचं रक्त त्यांच्या शर्टावर पडत होतं.

"तुमचा हात," विक्रम म्हणाले. दात वाजत होते. "मी केलं. बाबा, मी केलं."

"बोलू नको. माझ्याकडे बघ. झोपू नको."

"थंडी वाजते."

"वाजू दे. शाळेत काय शिकवतोस ते सांग मला. वेगाचं सांग."

त्यांनी ओठ हलवले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

हॉर्न बंद झाला होता. रत्ना ओढ्याच्या बाजूने बादली घेऊन धावत आल्या, मागे श्रीराम. त्यांना डुक्कर भेटलंच नव्हतं; बंदुकीचा आवाज ऐकून त्या गाडीतून उतरल्या होत्या. श्रीरामनी पट्टा काढून मांडीला आवळला. ते ओरडून मला काहीतरी सांगत होते. नंतर कळलं, ते मला गुडघा काढायला सांगत होते. रत्नानी आणि त्यांनी मिळून मला ओढून बाजूला केलं.

हेलिकॉप्टर बागेत उतरलं. एकाच हेलिकॉप्टरने दोघांना नेलं.

विक्रमना अकरा बाटल्या रक्त चढलं. पाय राहिला. मांडीतलं मूठभर मांस गेलं, ते परत येणार नाही असं सर्जन म्हणाला. अस्मिता अल्फारेटाहून साडेतीन तास एकटी गाडी चालवत आली. ती आली तेव्हा मी पलंगावर होतो, हात लाकडासारखा बांधलेला. तिने माझा चेहरा धरला, मग सोडला आणि विक्रमच्या खोलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी शेरीफच्या कचेरीतला माणूस आला. बंदुकीने माणूस जखमी झाला की त्यांना लिहून घ्यावं लागतं. माझं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून अस्मिता मध्ये बसली. तो तिला विचारी, ती मला, मी सांगे, ती त्याला.

"बाबा, तो विचारतोय, विक्रम म्हणाला की त्याने डबा चुकीचा वाचला. बरोबर?"

"त्याने बरोबर वाचला. मी त्याला न कळणारा आकडा काढला होता. तसं लिहून घे म्हणावं."

तिने सांगितलं. त्याने लिहिलं.

"तुमच्या हाताला गोळी कोणाची लागली?"

"विक्रमची."

तिने खाली बघत सांगितलं. हे तिला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"तो विचारतोय, गोळी मारताना तुम्ही डुकराच्या मागे आहात हे विक्रमला दिसत होतं का?"

"दिसत होतं."

 त्या माणसाने पेन थांबवलं. तिने अखेर एक शब्द सांगितला. मग त्याने हळू आवाजात आणखी काहीतरी विचारलं. तिने ते माझ्यापर्यंत आणायला वेळ लावला.

"मग त्याने मारली का?"

"मी सांगितलं म्हणून. त्याला नको होतं, तो थांबला होता. मी दोनदा ओरडलो. गोळी माझ्यातून जाणार हे त्याला ठाऊक होतं, मलाही. मी पाय सोडला असता तर मी वाचलो असतो आणि तू आज दुसऱ्या कामाला इथे बसली असतीस. हे सगळं सांग त्याला. काही गाळू नको."

तिच्या हातात पाण्याचा कागदी पेला होता, तो चेपला गेला आणि पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिने पुसलं नाही. तो माणूस वाट बघत होता. मग ती बोलली. मी एवढं बोललो होतो, आणि तिचं इंग्रजी एका वाक्यात संपलं. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, काही न लिहिता वही मिटली, आणि उठून टोपी घातली.

ती काय म्हणाली, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.